आराखडा हाती आला तरी विमान का बनत नाही?

१९४४ साली अमेरिकेची तीन बी-२९ बॉम्बफेकी विमाने जपानविरुद्धच्या मोहिमेवरून तळावर परतू शकली नाहीत आणि सोव्हिएत हद्दीत, व्लादिवोस्तोकजवळ उतरली. सोव्हिएत संघाचे तेव्हा जपानशी युद्ध नव्हते, त्यामुळे तटस्थतेचे कारण सांगून त्याने ती ठेवून घेतली. जगातले सगळ्यात प्रगत बॉम्बफेकी विमान असे आयते हाती लागले. स्टालिनने विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव्ह यांना हुकूम दिला की याची हुबेहूब नक्कल करा. एक विमान पार खोलायचे, त्याचा खिळा न् खिळा मोजायचा. दुसरे उडवून बघायचे. तिसरे नमुना म्हणून जसेच्या तसे ठेवायचे, असे ठरले.

पहिला अडथळा आला तो साध्या पत्र्याचा. अमेरिकेत पत्र्याची जाडी इंचात मोजत. विमानाच्या अंगावरचा पत्रा एक सोळांश इंच जाड, म्हणजे १.५८७५ मिलिमीटर. सोव्हिएत कारखाने पत्रा लाटायचे मिलिमीटरच्या हिशेबाने. ही विचित्र जाडी त्यांच्याकडे नव्हतीच. जरा पातळ पत्रा घ्यावा तर ताकद कमी पडते, जरा जाड घ्यावा तर हजारो ठिकाणी थोडे थोडे वजन वाढत जाते आणि विमान जमिनीवरून उठायला मागत नाही. मग प्रत्येक जागेचे गणित नव्याने मांडावे लागले. इथे ताण किती येतो, मूळ रचनाकाराने एवढीच जाडी का घेतली असेल, आपण किती घेतली तर चालेल? अखेर कुठे ०.८ मिलिमीटर, तर कुठे १.८ मिलिमीटर पत्रा बसला. नक्कल म्हणून हाती घेतलेले काम पुन्हा रचना करण्याचेच काम होऊन बसले. मे १९४७ मध्ये तुपोलेव्ह-४ आकाशात गेले तेव्हा त्याचे रिकामे वजन मूळ विमानापेक्षा जेमतेम एक टक्क्याने जास्त होते.

हा एक टक्का मला फार मोठा वाटतो. नक्कल करणे म्हणजे हलके काम, असे आपण सहज बोलून जातो. पण ही नक्कल जमली ती मॉस्कोतली त्साजी ही वायुगतिकीची संशोधन संस्था १९१८ पासून चालू होती म्हणून, आणि युद्धकाळात हजारो विमाने बनवून हात बसलेले कारागीर जागेवर होते म्हणून. ज्याला स्वतःला विमान बनवता येते त्यालाच दुसऱ्याच्या विमानाची नक्कल करता येते.

एखाद्या देशाचा विमान उद्योग कसा उभा राहतो, आणि इतके देश पैसा ओतूनही मधेच का अडकतात, हे समजून घ्यायचे तर या पत्र्यापासून सुरुवात करावी. आराखड्यात मापे असतात. ती मापे तशी का, हे त्यात नसते. आणि धातू ओतताना, वेल्डिंग करताना, तपासताना कारागिराच्या हाताला जे कळते तेही त्यात नसते. विमान उद्योगातली खरी दौलत ही न लिहिलेली माहिती आहे, आणि ती माणसांमध्ये राहते.

याचा सगळ्यात अवघड नमुना जेट इंजिनात सापडतो.

जेट इंजिनाचे तत्त्व शाळकरी मुलालाही सांगता येईल. पुढून हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, आणि फुगलेला तप्त वायू मागून जोरात सोडायचा. जाताना तो वायू टर्बाइन नावाचे एक चक्र फिरवतो आणि ते चक्र पुढची हवा दाबणारी यंत्रणा फिरवते. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये याचे पेटंट मागितले, १९३७ मध्ये त्यांचे इंजिन जमिनीवर चालले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांनी स्वतंत्रपणे तेच गाठले आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी हाइनकेल १७८ हे पहिले जेट विमान उडाले. म्हणजे तत्त्व जुने आहे, पुस्तकात आहे, कोणालाही उपलब्ध आहे. तरीही मोठ्या प्रवासी विमानांना लागणारी आधुनिक इंजिने आजही जगातल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कंपन्या बनवतात. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक आणि प्रॅट अँड व्हिटनी, ब्रिटनची रोल्स-रॉइस, फ्रान्सची साफ्रान ही त्यातली मुख्य नावे.

अडते कुठे? ज्वलनकक्षाच्या लगेच मागे बसलेल्या टर्बाइनच्या पात्यांपाशी.

हे पाते आकाराने तळहाताएवढे. त्याच्यावरून जाणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो. पाते बनते निकेलच्या मिश्रधातूचे, आणि तो मिश्रधातू साधारण १,३०० ते १,४०० अंशांना वितळतो. म्हणजे धातू ज्या तापमानाला पाणी व्हावा त्याहून गरम वायूत हे पाते बसवलेले आहे. वर ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असते. या फिरण्यामुळे एका पात्याच्या मुळाशी कित्येक टनांचा ओढा येतो. आणि हे सगळे हजारो तास, चार-पाचशे माणसे बसलेल्या विमानाखाली, न तुटता चालायला हवे.

हे कसे साधतात ते जरा जवळून बघू. आधी पात्याचा मेणाचा नमुना करतात. त्याच्या पोटात सिरॅमिकचा एक नाजूक, वळणावळणांचा गाभा असतो. नमुन्यावर सिरॅमिकच्या पातळ लगद्याचे थरावर थर चढवून वाळवतात, मग तापवून मेण काढून टाकतात आणि उरलेल्या पोकळ साच्यात, निर्वात भट्टीत, वितळलेला मिश्रधातू ओततात. इथपर्यंत ही मूर्तिकारांची हजारो वर्षांची जुनीच पद्धत आहे. फरक पुढे पडतो. कोणताही धातू थिजतो तेव्हा त्याचे असंख्य बारीक स्फटिक बनतात आणि ते एकमेकांना चिकटून बसतात. तापलेल्या, ताणलेल्या धातूत या स्फटिकांमधल्या सीमा दगा देतात. धातू तिथे हळूहळू सरकतो, लांबतो, चिरतो. मग सीमाच नको असतील तर? पूर्ण पाते एकाच स्फटिकाचे हवे!

त्यासाठी साचा भट्टीच्या गरम भागातून अगदी सावकाश, तासाला काही इंच अशा गतीने, खाली थंड भागाकडे उतरवतात. धातू तळापासून वर थिजत जातो. तळाशी एका डुकराच्या शेपटीसारखी वळलेली अरुंद नळी ठेवलेली असते. खाली पुष्कळ स्फटिक वाढायला लागतात, पण त्या पीळदार नळीतून वर पोचतो तो एकच. तोच पुढे वाढत जाऊन अख्खे पाते भरतो. मग पोटातला सिरॅमिकचा गाभा रसायनाने विरघळवून काढतात आणि मागे उरतात त्या हवेच्या वाटा. पात्याच्या अंगाला केसाएवढ्या नव्हे, पण सुईने पाडल्यासारख्या बारीक भोकांच्या रांगा पाडतात. इंजिनाच्या पुढच्या भागातली दाबलेली हवा या वाटांनी आत शिरते, भोकांतून बाहेर येते आणि पात्याभोवती पातळ चादरीसारखी पसरते. ही ‘थंड’ हवासुद्धा ६०० अंशांच्या आसपास असते, पण वायूच्या मानाने ती थंडच. शेवटी झिर्कोनियावर आधारलेल्या सिरॅमिकचा एक लेप.

वरचा परिच्छेद वाचून कोणालाही वाटेल की पद्धत तर कळली. खरेच कळली आहे, आणि ती शोधनिबंधांत याहून कितीतरी तपशिलाने छापलेली आहे. पण साचा नेमका किती वेगाने उतरवायचा, भट्टीत कुठे किती तापमान ठेवायचे, सिरॅमिकचा गाभा ओतताना का मोडतो, कोणता डाग चालेल आणि कोणत्या डागावरून पाते भंगारात टाकायचे, हे हजारो पाती वाया घालवून शिकावे लागते. शंभर पात्यांतली दहाच चांगली निघाली तर ते प्रयोगशाळेचे यश असते. उद्योग उभा राहतो तो शंभरातली बहुतेक चांगली निघू लागली की. या दोन टप्प्यांमध्ये दहा-वीस वर्षे सहज जातात, आणि त्या वर्षांत दाखवण्यासारखे फारसे काही नसते. सरकारांचा धीर सुटतो तो इथेच.

दुसरी अवघड जागा आहे चाचणीची. इथे ब्रिटनच्या कॉमेट विमानाची आठवण काढलीच पाहिजे. २ मे १९५२ रोजी कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान म्हणून सेवेत आले. तेव्हा अमेरिकेकडे त्याला उत्तर नव्हते. १९५४ च्या जानेवारीत एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रावर हवेतच फुटले, एप्रिलमध्ये नेपल्सच्या दक्षिणेला दुसरे. ब्रिटनमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी मग एक पूर्ण विमान प्रचंड टाकीत ठेवले, पंख तेवढे बाहेर, आणि विमानाच्या आत-बाहेर पाणी भरले. आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा, उतरवायचा. म्हणजे एक उड्डाण झाले. असे पुन्हा पुन्हा.

पाणीच का घेतले, हा प्रश्न मला या सगळ्यात फार आवडतो. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते. हवा भरून चाचणी घेतली असती तर चीर पडताच विमान बॉम्बसारखे फुटले असते आणि सुरुवात कुठून झाली ते कधीच कळले नसते. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. चीर पडली की दाब लगेच उतरतो, आणि फाटलेला पत्रा आपली कहाणी सांगायला जागेवर उरतो. खरी आणि टाकीतली मिळून सुमारे ३,००० उड्डाणे झाल्यावर खिडकीसाठी कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. धातू एका झटक्याने मोडला नव्हता, हजारो वेळा ताणला-सोडला जाऊन थकला होता. ही तपासणी जाहीरपणे मांडली गेली आणि तिच्यातून सगळे जग शिकले. कॉमेटची सुधारित आवृत्ती १९५८ मध्ये आली, पण त्याच वर्षी बोइंग ७०७सुद्धा सेवेत आले आणि बाजार अमेरिकेकडे गेला. ज्यांनी किंमत मोजली त्यांना फळ मिळाले नाही.

आज नव्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्र मिळवायचे तर सेवेत जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकेल त्याच्या दीडपट भार पंखाने पेलून दाखवावा लागतो. इंजिन चालू असताना मुद्दाम एक पाते तोडतात आणि तुकडे कवचाबाहेर पडत नाहीत ना ते बघतात. अंधारात, अर्धे दरवाजे बंद ठेवून, सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. एअरबस ए-३८० च्या वेळी मार्च २००६ मध्ये हॅम्बर्गला ८७३ माणसे ७८ सेकंदांत उतरली होती. पण डोळ्यांना दिसणाऱ्या या चाचण्या म्हणजे प्रमाणपत्राचा लहानसा भाग. खरा डोंगर कागदांचा असतो. प्रत्येक भागाचा जन्मदाखला लागतो: धातू कोणत्या भट्टीतल्या कोणत्या घाण्याचा, कोणी कापला, कोणी तपासला, तपासणाऱ्याचे उपकरण शेवटचे कधी पडताळले होते. वीस वर्षांनी एखादा भाग मोडला तर त्याची सगळी भावंडे कोणकोणत्या विमानांत बसली आहेत ते शोधता आले पाहिजे.

जपानसारखा देश या डोंगराशी हरला, हे कळले तर बहुतेकांना आश्चर्य वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपानला विमान बनवायलाच बंदी होती. त्यानंतर वायएस-११ हे पंख्याचे प्रवासी विमान १९६२ मध्ये उडाले, १८२ विमाने बनली आणि तोट्यामुळे १९७० च्या दशकात काम थांबले. मग जवळपास चाळीस वर्षे जपानने स्वतःचे प्रवासी विमान बनवले नाही. सुटे भाग मात्र उत्तम बनवले. बोइंग ७८७ च्या सांगाड्यातला सुमारे ३५ टक्के वाटा जपानी आहे, त्याचे कार्बन तंतूंचे पंख मित्सुबिशी बनवते. हीच मित्सुबिशी २००८ मध्ये स्वतःचे छोटे जेट बनवायला उतरली. २०१५ मध्ये ते उडाले, छान उडाले, चाचणीत ३,९०० तासांहून जास्त उडाले. पण प्रमाणपत्राच्या वाटेवर वायरींची मांडणी आणि उपकरणांच्या जागा मोठ्या प्रमाणावर बदलाव्या लागल्या, मुदती एकामागून एक हुकल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प बंद झाला. पंख बनवणे आणि त्या पंखासकट पूर्ण विमानाची जबाबदारी उचलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची आठवण असलेली पिढी मधल्या चाळीस वर्षांत निवृत्त झाली होती.

ब्राझीलची वाट उलटी होती, आणि माझ्या मते नव्याने शिकणाऱ्या देशांनी ती सगळ्यात बारकाईने पाहावी. ब्राझीलने सुरुवात कारखान्याने केलीच नाही. हवाई दलातले अधिकारी कासिमिरो मॉन्टेनेग्रो यांनी अमेरिकेतली एमआयटी पाहिली आणि तशी संस्था आपल्याकडे हवी असा ध्यास घेतला. साओ जोसे दोस कांपोस या गावी १९५० मध्ये आयटीए हे विमानविद्येचे महाविद्यालय उभे राहिले. देशात विमान कारखाना नावापुरताच होता तेव्हा अभियंते घडवायला घेतले, परदेशातून प्राध्यापक आणले. जवळपास दोन दशकांनी, १९६८ मध्ये, बांदेरांते हे छोटे प्रवासी विमान उडाले आणि १९६९ मध्ये ते बनवण्यासाठी एम्ब्रेअर ही सरकारी कंपनी निघाली. ओझिरेस सिल्व्हा तिचे पहिले प्रमुख, आयटीएमध्येच शिकलेले.

त्यांनी इंजिन स्वतः बनवण्याचा हट्ट धरला नाही, ते कॅनडाहून आणले. बरीच उपकरणे आयात केली. स्वतःकडे ठेवले ते रचना, जोडणी, चाचणी आणि विक्री. आणि विमान निवडले ते मोठ्या कंपन्यांना ज्यात रस नव्हता असे, छोट्या गावांना जोडणारे वीसेक आसनांचे. इटालियन प्रशिक्षण विमान परवान्याखाली बनवताना जेटचे काम हाताखालून गेले. पुढे इटलीबरोबर एएमएक्स हे लढाऊ विमान भागीदारीत केले तेव्हा रचनाही शिकता आली. सगळे सुरळीत गेले असेही नाही. १९९० मध्ये उडालेले त्यांचे एक विमान इतके महाग पडले की ते कोणी घेतलेच नाही, हजारो माणसे कमी करावी लागली, डिसेंबर १९९४ मध्ये कंपनी खाजगी हातात गेली. पण पुढच्याच वर्षी ईआरजे-१४५ हे पन्नास आसनांचे जेट उडाले आणि त्यानेच कंपनीला तारले. बाजारात फसलेल्या विमानाचे अनुभव पुढच्या विमानात कामी आले, कारण ती माणसे अजून तिथेच होती.

ती माणसे नसली तर काय होते ते कॅनडाने पाहिले. तिथे अॅव्हरो कंपनीचे अॅरो हे स्वनातीत लढाऊ विमान मार्च १९५८ मध्ये उडाले. त्या काळातल्या उत्तम विमानांत ते बसले असते. २० फेब्रुवारी १९५९ रोजी सरकारने प्रकल्प रद्द केला. त्याच दिवशी कंपनीतल्या १४ हजारांवर लोकांचे काम गेले. तयार विमाने कापून भंगारात काढली गेली. काही आठवड्यांत बत्तीसेक अभियंते अमेरिकेत, नुकत्याच जन्मलेल्या नासात रुजू झाले. त्यांतले जिम चेंबरलिन पुढे जेमिनी अंतराळयानाच्या कामाचे प्रमुख झाले. कॅनडाने एका दिवसात जे सोडले ते दुसऱ्या देशाला चंद्राच्या वाटेवर उपयोगी पडले. प्रकल्प महाग होता, रद्द करण्याला कारणे होती, हे खरे. पण माणसांचे काय करायचे याचा विचार न करता तो रद्द झाला, ही खरी चूक.

भारताची कहाणीही याच जातीची आहे. जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेले मारुत हे लढाऊ विमान जून १९६१ मध्ये उडाले. सांगाडा चांगला होता, इंजिन कमी ताकदीचे. ज्या जोरदार इंजिनावर भिस्त होती त्याच्या विकासाला पैसा द्यायला सरकार तयार झाले नाही, आणि १४७ विमाने बनून मारुत थांबले. पुढे परवान्यावर मिग विमाने बनवणे चालू राहिले. त्यातून ‘कसे बनवायचे’ हे कळते, ‘असेच का’ हे कळत नाही. तेजसच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये, ते उडाले जानेवारी २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकन इंजिनावर. त्याच्यासाठी १९८९ मध्ये हाती घेतलेले कावेरी इंजिन २००८ मध्ये त्याच्यापासून वेगळे करावे लागले. कावेरीची उड्डाण चाचणी घ्यायला २०१० मध्ये ते रशियात न्यावे लागले, कारण इंजिन टांगून उडवून बघायचे मोठे विमान आपल्याकडे नव्हते. मारुत आणि तेजस यांच्यामधली वीस वर्षे रचनेचे काम छोट्या प्रमाणावर तरी चालू राहिले असते, तर तेजसच्या लोकांना इतक्या गोष्टी पहिल्यापासून शिकाव्या लागल्या नसत्या, असे मला मनापासून वाटते.

मग तंत्रज्ञान विकत का घेऊ नये? घेता येते, पण विकणारा काय देतो ते नीट बघावे लागते. १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांनी मिळून इंजिन बनवायचे ठरवले. दोन्ही मित्रदेश, तरीही अमेरिकी सरकारने आधी परवानगी नाकारली, कारण इंजिनाचा गाभा बी-१ या बॉम्बफेकी विमानाच्या इंजिनावर बेतलेला होता. १९७३ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविक इथे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू भेटले तेव्हा हा विषय निघाला. मार्ग निघाला तो असा, की गाभा अमेरिकेतच बनेल आणि तयार होऊन फ्रान्सला जाईल. त्यातून निघालेले सीएफएम-५६ हे जगात सर्वाधिक खपलेल्या जेट इंजिनांपैकी एक. रॉकेटच्या क्षेत्रातही तेच. भारताने रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान घ्यायचा करार केला, १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले, आणि शेवटी मिळाली ती सात तयार इंजिने, विद्या नाही. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन हाताळायला इस्रोला स्वतःच शिकावे लागले. एप्रिल २०१० मध्ये पहिला प्रयत्न फसला. जानेवारी २०१४ मध्ये स्वदेशी टप्प्याने उपग्रह कक्षेत पोचवला.

चीन आत्ता याच वाटेच्या मध्यावर आहे. वाय-१० हे त्यांचे मोठे प्रवासी विमान १९८० मध्ये उडाले आणि काही वर्षांत गुंडाळले गेले. नवे सी-९१९ मे २०१७ मध्ये उडाले, मे २०२३ मध्ये प्रवासी घेऊन निघाले. त्याच्या पंखाखाली इंजिने आहेत ती सीएफएमची, म्हणजे त्याच अमेरिकी-फ्रेंच भागीदारीची. स्वतःचे इंजिन अजून तयार होते आहे.

आणि एकत्र येऊन काम केले तरी माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सांडतेच. युरोपातल्या देशांनी मिळून एअरबस उभी केली, ही या उद्योगातली सर्वात मोठी भागीदारी. तरी २००६ मध्ये ए-३८० च्या जोडणीत फ्रान्समधल्या तूलूझला कामगारांच्या लक्षात आले की जर्मनीतल्या हॅम्बर्गहून आलेल्या वायरींचे जुडगे त्यांच्या जागी पोचतच नाहीत, काही इंचांनी आखूड पडतात. दोन्ही ठिकाणी आराखड्याचे एकच सॉफ्टवेअर होते, पण आवृत्त्या वेगवेगळ्या. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. विमाने ग्राहकांना मिळायला जवळपास दोन वर्षे उशीर झाला.

या सगळ्याच्या तळाशी, कोणाच्या नजरेत न येणारा, अवजड यंत्रांचा थर असतो. युद्ध संपल्यावर जर्मन कारखाने पाहणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांना दिसले की जर्मनांकडे हलक्या धातूचे मोठे भाग एका दाबात घडवणारी अजस्र यंत्रे होती. शंभर तुकडे जोडून केलेल्या भागापेक्षा एकसंध भाग हलका आणि भक्कम असतो. त्यातले सर्वात मोठे यंत्र सोव्हिएत संघाने उचलून नेले. मग १९५० च्या दशकात अमेरिकी सरकारने स्वतःच्या पैशाने दहा महायंत्रे बांधून घेतली आणि ती कंपन्यांना चालवायला दिली. एकाही कंपनीला हा खर्च एकटीने झेपला नसता.

त्यांतले ५०,००० टन दाबाचे एक यंत्र १९५५ मध्ये क्लीव्हलंड इथे सुरू झाले. तेव्हा बोइंग ७०७ यायचे होते. पन्नासेक वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच्या पायाच्या ओतीव भागांना तडे गेलेले दिसले. ते भंगारात काढावे की दुरुस्त करावे हा प्रश्न आला, आणि सुमारे दहा कोटी डॉलर घालून ते दुरुस्त केले गेले. २०१२ पासून ते पुन्हा चालू आहे, आणि ते उभारणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेल्या एफ-३५ या लढाऊ विमानाचे आडवे आधार त्याच्यावर घडवले जातात.